बारा उभ्या काड्या

"गुडघ्याचं तेवढं आधी बघा, मग तुमचं काय असंल ते बोला," असं म्हणून आई डॉक्टरबाईंच्या समोर पाय पसरून बसली.

डॉक्टरबाई हसल्या. त्यांना हे नवीन नव्हतं. वस्तीत येऊन पंधरा दिवस झाले होते, तेवढ्यात सात जणांनी त्यांना आपली गळवं दाखवली होती आणि दोघांनी जीभ. त्या पक्ष्यांच्या डॉक्टर आहेत, माणसांच्या नाहीत, हे आईला मी तीनदा समजावून सांगितलं होतं.

"मावशी, मी कोंबडीची डॉक्टर आहे की हो."

"मग कोंबडीला गुडघा नसतो व्हय?"

डॉक्टरबाईंनी आईचा गुडघा दाबून बघितला, गरम तेल लावा म्हणाल्या, आणि मग ओसरीवर आबांच्या शेजारी येऊन बसल्या. यमुना कित्तूर त्यांचं नाव. बेळगावच्या. मराठी बोलायच्या ती त्या बाजूची, ऐकायला गोड. आमच्या वस्तीत मराठी घरं बावीस, बाकी पंजाबी आणि तमिळ. सगळे निवृत्त जवान. ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर सरकारनं त्यांना जंगल तोडून जमिनी दिल्या होत्या. आबा खटावहून एक लोखंडी ट्रंक, आई आणि सहा वर्षांचा मी एवढं घेऊन इथं उतरले, त्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

"हवालदारसाहेब, एक माणूस पाहिजे मला," बाई म्हणाल्या. "पहाटे ढिगावर जायचं, दिसेल ते लिहायचं. फार हुशार नको. खरं लिहिणारा पाहिजे."

"ह्यो हाय की," आबांनी माझ्याकडे बोट केलं. "बारावी झालाय. दिवसभर पडून छताचे पत्रे मोजतोय. हुशार न्हाई, पण माझा हाय. माझ्या पोरानं लिवलेलं खोटं निघायचं न्हाई."

आबा हे अगदी सहज बोलले. आज तीस वर्षांनी मला त्या दिवसातलं बाकी फारसं काही आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं, आणि ते बोलताना आबा सुपारी कातरत होते तेही.

ज्या कोंबडीसाठी बाई एवढ्या लांब आल्या होत्या तिला आम्ही ढिगाची कोंबडी म्हणायचो. ती या बेटांवर आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दिसायला गावठी कोंबडीएवढी, तपकिरी, तोंड लालभडक आणि पाय अंगाच्या मानानं भलतेच दांडगे. किनाऱ्यालगतच्या रानात ती वाळू, माती आणि पालापाचोळा पायांनी मागे फेकत फेकत माणसाच्या छातीएवढा ढीग उभा करते. त्यात खोल खड्डा काढून अंडं पुरते आणि निघून जाते. अंड्यावर बसायची भानगड नाही. कुजणाऱ्या पाल्याची ऊब असते, तिच्यावर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लू तयार होतं.

"नर मात्र रोज येतो," पहिल्या दिवशी ढिगापाशी बसून बाईंनी मला शिकवलं. "पाला कमी झाला तर टाकतो, जास्त झाला तर उकरतो. ऊब राखायचं काम त्याचं. तो यायचा थांबला, की ढीग गार पडला समज."

"मग उकरून बघायचं की, आत अंडी आहेत का."

"अजिबात नाही! उकरला की ऊब गेली. आणि माणसानं हात घातलेल्या ढिगावर ती परत येईलच असं नाही. आपण फक्त बघायचं."

बघायची त्यांची रीत साधी होती. नारळाच्या झावळीचे हीर, म्हणजे आई केरसुणी बांधते त्याच काड्या, बारा घ्यायच्या आणि ढिगावर ठरलेल्या जागी उभ्या टोचायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मोजायच्या. पक्ष्यानं उकरलं असेल तर तिथल्या काड्या पडलेल्या असतात. किती पडल्या ते लिहायचं, परत टोचायच्या, आणि तासभर लांब बसून कोण येतं ते बघायचं. वहीत एकेका दिवसाला एकेक ओळ.

त्यांनी मला एक पुठ्ठ्याचा तुकडाही दिला. त्यावर दोन चौकोन रंगवलेले होते, एक गुलाबी आणि एक मातकट.

"चुकून एखादं अंडं उघडं पडलं, तर रंग यावर ताडून बघ. गुलाबी म्हणजे चार-पाच दिवसांतलं. मातकट म्हणजे जुनं, आत पिल्लू वाढतंय. आणि हे बघ, उघडं पडलंच तर फिरवायचं नाही, हलवायचं नाही. जसं आहे तसंच डब्यातल्या वाळूत ठेवायचं आणि मला बोलवायचं. दुसऱ्या ढिगात पुरू आपण."

तो पुठ्ठा मी घरी आबांना दाखवला. आबांनी तो चष्मा लावून बघितला. "बंदोबस्त चोख हाय बाईचा," म्हणाले.

पहिले दोन महिने मी काम मन लावून केलं, हे मला सांगायलाच पाहिजे. पहाटे चारला उठायचं, किनाऱ्यानं तीन किलोमीटर चालायचं, मध्ये खाडी लागते ती ओहोटी असेल तोवर ओलांडायची. खाडीत मगरी होत्या, म्हणून हातात काठी. त्या काठीनं मगरीचं काय होणार होतं देव जाणे, पण धीर यायचा. जूनमधल्या एका पहाटे माझ्या डोळ्यांदेखत ढिगाची माती हलली. आतून एक पाय आला, मग डोकं, आणि मुठीएवढं पिल्लू बाहेर येऊन उभं राहिलं. पिसं ओली, डोळ्यांत माती. त्यानं अंग झटकलं, इकडे तिकडे बघितलं, आणि चालायला लागलं. आई नाही, बाप नाही, कोणी चारा दाखवणारं नाही. झाडीत शिरण्याआधी ते हातभर उडालंसुद्धा. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बया, एकटंच?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग रस्ता आला.

आमच्या वस्तीपासून पुढच्या वस्तीपर्यंत पक्का रस्ता व्हायचा होता आणि त्याची आखणी नेमकी त्या ढिगावरून गेली होती. बाईंनी रस्त्याच्या साहेबांना गाठलं. शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "रस्ता वळवता येईल. पण मग तो भोईट्यांच्या सुपारीच्या बागेतून जाईल. बत्तीस झाडं जातील."

सगळे आबांकडे बघायला लागले. ती बाग आबांनी सोळा वर्षं जिवापाड सांभाळली होती.

"पक्षी हाय न्हवं तिथं?" आबांनी बाईंना विचारलं.

"आहे."

"मग वळवा."

साहेबांनाही बरं वाटलं, पण त्यांना कागद हवा होता. पावसाळ्यात पुष्कळदा हे पक्षी ढीग सोडून देतात, तेव्हा ढीग चालू आहे की नाही ते महिन्याभरात लिहून द्या, चालू असेल तर वळवतो, असं ठरलं. बाईंना नेमकं त्याच वेळी बोटीनं पोर्ट ब्लेअरला जायचं होतं. जाताना त्या मला म्हणाल्या, "आता सगळं तुझ्या वहीवर आहे बघ, उत्तम. तीन आठवडे सलग काड्या उभ्या राहिल्या, तर मी ढीग सुटला असं लिहीन. एक जरी पडली तरी रस्ता वळवायला लावीन."

बाई गेल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या गणपतीच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या.

हजारो कोसांवर समुद्रात राहात असलो तरी गणपतीत नाटक झालंच पाहिजे, हा आमच्या बावीस घरांचा हट्ट. नाटक पोस्टमास्तरांनी लिहिलेलं, तीन अंकी. मी त्यात फौजदार होतो. मिशा होत्या, कंबरेला खरा पट्टा होता, आणि तिसऱ्या अंकात गुन्हेगाराला पकडून मी पानभर भाषण करायचो. तालीम संपून घरी यायला मध्यरात्र उलटायची. तरी पहिले दोन दिवस मी गेलो. काड्या खरंच उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा कोंबडे आरवून गप्प झाले होते. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि खाडीला भरती आली असणार होती.

"गेलो नाही" एवढे दोन शब्द लिहायचे होते. पण आबा रोज संध्याकाळी वही बघत. म्हणून मी लिहिलं, "बारा उभ्या."

खोटं लिहायचं ठरवलं की माणसाला अक्कलही पुरते. पक्षी आला असं लिहिलं असतं तर किती वाजता, कुठून, काय केलं, किती काड्या पडल्या, सगळं रचावं लागलं असतं. काही झालं नाही, असं लिहिलं की पुढं काही विचारत नाही कोणी. दुसऱ्या दिवशीही डोळा उघडला नाही. बारा उभ्या. तिसऱ्या दिवशी जाग आली होती, पण मी विचार केला, आता गेलो आणि काड्या पडलेल्या दिसल्या तर मागचे दोन दिवस खोटे दिसतील. म्हणून गेलो नाही. खोटं एकदा वहीत बसलं की ते आपल्याला ढिगाकडे जाऊच देत नाही.

आबांना संशय येऊ नये म्हणून मी घरातून निघायचो मात्र. दिवस उजाडल्यावर उठून खाडीच्या अलीकडे, कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवलेल्या असत तिथं जाऊन आडवा व्हायचो. आबा म्हणायचे, "जरा उशिरा जातोस अलीकडं." मी म्हणायचो, "भरती असते." नवव्या दिवशी तिथं पडलेला असताना खाडीच्या पलीकडून जोडीचा आवाज आला. नर आणि मादी एकमेकांना साद घालतात तो, कुडकुड करत चढत जाणारा. मी तो ऐकला. आणि मी कूस बदलली. ही दुसरी जोडी असेल, असं मनाला सांगितलं, आणि मन तरी काय, लगेच हो म्हणालं.

असे एकोणीस दिवस.

बोट उशिरा आली आणि बाई थेट बैठकीलाच उतरल्या. अंगात ताप होता, शाल गुंडाळलेली होती. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी माझी वही पान पान उलटली. "बारा उभ्या. बारा उभ्या." प्रत्येक ओळीवरून त्यांचं बोट खाली सरकत होतं.

"एकवीस दिवसांत एकदाही नाही?"

"नाही."

"आवाज?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर संशय नव्हता त्या बघण्यात. असता तर मी बोललो असतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

"खात्री आहे ना रे? बघ, माझ्या सहीनं जाणार आहे हे."

आबा बाजूला बाकावर ताठ बसले होते. माझ्या आधी तेच म्हणाले, "बाई, पोरगं रोज गेलंय. पावसात भिजत गेलंय."

"खात्री आहे," मी म्हणालो.

बाईंनी सही केली. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "चला, हवालदारसाहेबांची झाडं वाचली." लोक हसले. आबाही हसले, पण घरी येताना म्हणाले, "झाडं गेली असती तरी चाललं असतं."

चौथ्या दिवशी बुलडोझर आला. बाई तोवर मलेरियानं दवाखान्यात आडव्या झाल्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि वाळू भरलेला पत्र्याचा डबा दाखवला. "तू हजर राहा. काही निघणार नाही, पण निघालंच एखादं तर मी सांगितलंय तसं कर."

बुलडोझर चालवणारा सेल्वम म्हणून होता, आमच्याच वस्तीतल्या तमिळ सुभेदाराचा जावई. खाडीवर आता लाकडी पूल टाकला होता. मी डबा घेऊन पोचलो. ढिगाकडे मी बघितलं. बारापैकी एकही काडी जागेवर नव्हती. ढिगाच्या माथ्यावर ताजी ओली माती उकरलेली होती, आणि तिच्यावर त्या दांडग्या पायांचे ठसे होते. सेल्वमला त्यातलं काय कळणार? त्यानं मला हात केला आणि यंत्र पुढं घातलं.

मी ओरडलो असतो तर ते थांबलं असतं. वीस पावलांवर होतं.

पात्यानं ढीग मधोमध कापला. आतून वाफ आली. भात उकडल्यावर झाकण काढतो तशी, दिसेल एवढी. सेल्वमनंच यंत्र थांबवलं आणि खाली उडी मारली. "अरे, अंडा है! अंडा!"

सात होती. गावठी अंड्याच्या दुप्पट-तिप्पट, लांबट. एक पात्याखाली फुटलं होतं. त्यातलं पिल्लू पिसांनी भरलेलं होतं, निघायच्या बेतात आलेलं. त्याचा पाय दोनदा हलला आणि थांबला. उरलेली सहा. तीन मातकट. तीन गुलाबी.

पुठ्ठा काढून ताडायची गरजच नव्हती. पहाटेच्या आभाळासारखी ती तीन अंडी काळ्या मातीत पडली होती, आणि मी तिथं उभा राहून एकच हिशेब करत होतो. चार-पाच दिवसांतली. ही अंडी बाईंनी बघितली की संपलं. ज्या दिवशी मी छातीवर हात ठेवून खात्री आहे म्हणालो, त्याच्या मागंपुढंच कुणीतरी इथं येऊन खड्डा काढून अंडं घालून गेलं होतं.

पाच-सहा मजूर जमले. "साब, क्या करें इनका?"

डबा माझ्या हातात होता. वाळू होती. सहाही अंडी मावली असती.

मी एक गुलाबी उचललं. ते गरम होतं. आजारी लेकराचं कपाळ लागतं तसं तळहाताला लागलं.

"थंड आहेत," मी म्हणालो. "वाया गेलेली आहेत. घेऊन जा, खाऊन टाका."

लोकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. या अंड्याची चव वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती, बंदी नसती तर ढीग उरलेच नसते. पाच मिनिटांत सगळी अंडी गेली. मी डब्यातली वाळू तिथंच ओतली, आणि दवाखान्यात जाऊन बाईंना सांगितलं, "दोन-तीन निघाली. जुनी, सडलेली." बाईंनी डोळे मिटूनच मान हलवली.

संध्याकाळी शेजारच्या शेवंताकाकू सुपात काहीतरी झाकून घेऊन आल्या. "ह्यांना त्या यंत्रवाल्यानं दोन दिली. म्हटलं, तुमच्या उत्तमनंच वाटली म्हणं, मग तुमच्या घरात नको व्हय एक?"

काकू गेल्यावर आईनं तव्याला तेल लावलं. आबांनी सुपातलं अंडं उचललं आणि कंदिलाशी धरलं. मग उठून माझ्या वहीतला पुठ्ठा काढला आणि अंड्याला लावला. एकदा या चौकोनाला, एकदा त्या. गुलाबीशी ते तंतोतंत जुळलं.

"चूल विझव," ते आईला म्हणाले. मग मला म्हणाले, "कवापासनं गेला न्हाईस?"

"एकोणीस दिवस."

"मग लिवलंस कुठं बसून?"

"होड्यांपाशी."

आबांनी आयुष्यात माझ्यावर हात उगारला नव्हता, तेव्हाही उगारला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "माझ्या बागेपायी केलंस?"

त्यांच्या आवाजात चक्क आशा होती. हो म्हणालो असतो तर निदान बापासाठी खोटं बोलणारा पोरगा झालो असतो. पण त्या सगळ्या दिवसांतलं एकमेव खरं मी तेव्हा बोललो.

"नाही आबा. जाग येत नव्हती."

आबा परड्यात गेले. अंडं त्यांनी बागेत पुरलं असावं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला कुणीतरी उठवेल म्हणून मी जागा होतो, पण आबा मला ओलांडून गेले. त्यांनी आईच्या केरसुणीतले बारा हीर ओढून घेतले, एक कोरी वही घेतली आणि काठी घेऊन निघाले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. अकरा दिवस ते असे गेले.

ती वही माझ्याजवळ आहे. आबांचं अक्षर मोठं, शाळकरी पोरासारखं. "दिवस १. ढीग न्हाई. मुरूम टाकलाय. नर आला सहा वाजता. रस्ता उकरला. मुरूम लागला. गेला." "दिवस २. जोडी आली. मादी बाजूला उभी. नर रस्ता उकरतो. दोन काड्या पडल्या." "दिवस ४. रोलर हुता. तरी आला. रोलर गेल्यावर उकरला. पायाला रगात." असं आठव्या दिवसापर्यंत. नवव्या दिवशी, "आला न्हाई. बारा उभ्या." दहाव्या दिवशी तसंच. अकराव्या दिवशी तसंच.

अकराव्या दिवशी घरी येऊन त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली. पावसात भिजून त्यांचे पाय पांढरे पडले होते.

"शून्य लिवायला बी जावं लागतं, उत्तम," ते म्हणाले. "बाई उद्याच्या बोटीनं चालल्यात. ही वही त्यांच्या हातात दे, आणि काय केलंस ते आपल्या तोंडानं सांग. मी येणार न्हाई."

मी गेलो. वही शर्टाच्या आत, पोटाशी धरून. धक्क्यावर बाई खुर्चीत बसल्या होत्या, हाडांचा सापळा झालेला. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? मला वाटलंच. बघ, या बेटावर मी पाच माणसं ठेवली. चौघांच्या वह्यांत काय काय गमती निघाल्या, एकानं तर ढिगावर मोर लिहून ठेवलाय. तुझी एकट्याची वही अशी, की मी डोळे झाकून सही केली."

वही पोटाला चिकटली होती. घामानं.

"हवालदारसाहेबांना नमस्कार सांग," बाई म्हणाल्या.

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आबा ओसरीवरच होते. "दिलीस?"

"दिली."

"बरं. आता बाईंच्या अहवालात छापून येईल तवा बघू."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. जेवायला बसले की ताट घेऊन कोपऱ्यात बसायचे. त्या वर्षी गणपतीत मी फौजदार झालो, भाषणाला टाळ्या पडल्या, आबा आले नव्हते. पुढं मला पोर्ट ब्लेअरला कारकुनाची नोकरी लागली. आबा वारल्यावर चार वर्षांनी ती मोठी लाट आली. तिनं आमची वस्ती नेली, बाग नेली, सुपारीची ती बत्तीस झाडं नेली, आणि तो सरळ रस्ताही नेला. आता तिथं समुद्र आहे. माझी ट्रंक माझ्यापाशी होती, म्हणून वही तेवढी राहिली. तिच्यासोबत बाईंचा अहवालही.

तो अहवाल आला होता आठ महिन्यांनी, टपालानं, माझ्या नावानं. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, सगळा इंग्रजीत. आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, खांबाला टेकून बसले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला म्हणाले, "बस हितं. वाच."

मी पान उघडलं. आमचा ढीग सात नंबरचा होता. त्याच्यापुढं दोन शब्द होते, त्यांचा अर्थ 'सोडून दिलेला'. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की श्री. उत्तम भोईटे यांनी भर पावसात एकही दिवस न चुकता केलेल्या चोख नोंदींबद्दल लेखिका त्यांची ऋणी आहे. त्या ओळीखाली बोट ठेवून मी वाचायला लागलो.

"पहिला दिवस. ढीग नाही. मुरूम टाकलेला आहे. नर सहा वाजता आला. त्यानं रस्ता उकरला."

आबा डोळे मिटून ऐकत होते. मला ती वही तोपर्यंत पाठ झाली होती. मी पान उलटलं, पुन्हा बोट ठेवलं. रोलर वाचला. पायाचं रक्त वाचलं. आबांनी मान हलवली.

"शेवटचे तीन दिस बी हायेत?"

"आहेत. आला नाही. बारा उभ्या."

"माझं नाव?"

"हवालदार धोंडीराम भोईटे."

"आन तुझं?"

मी बोट खालच्या ओळीवर सरकवलं. "उत्तम भोईटे यांनी एकोणीस दिवसांच्या नोंदी खोट्या केल्या," मी वाचलं. "नंतर त्यांनी ते स्वतः येऊन कबूल केलं."

आबांनी डोळे उघडले. चष्मा काढून ते धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत राहिले.

"लाज वाटली असंल, छापलेलं बघून."

"हो."

"वाटू दे. जन्मभर वाटू दे. पण सांगितलंस ते चांगलं केलंस, बाळा."

मग त्यांनी आत हाक मारली. "अगं, आमची दोघांची ताटं एकापाशी एक मांड." त्या रात्री सुरमई होती. जेवताना आबांनी आपल्या ताटातली मधली तुकडी उचलली, काटे काढले आणि माझ्या ताटात ठेवली.

मी ती खाल्ली.